काय लयनी व?

महिन्यातला एक रविवार माझा असतो. कोणता, ते माझ्या हातात नाही. ते भुसावळला, भावाच्या ड्युटीवर ठरतं. ड्युटी लागली की त्याचा फोन येतो, "ताई, या महिन्यात तिसरा." तिसऱ्या रविवारी तो पहाटेच्या गाडीनं जळगावात उतरतो, सहाला बेल वाजवतो आणि चपला काढता काढता विचारतो, "गोळ्या दिल्या?" मी डबी दाखवते, पिशवी खांद्याला लावते आणि निघते. त्याची अट एकच. रात्री आठला मी दारात पाहिजे, म्हणजे त्याला परतीची गाडी सापडते. सहा ते आठ, चौदा तास.

माय चार वर्षांपासून अंथरुणाला आहे. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण उभं राहायची हिंमत काही जुळली नाही. डोळे चांगले, कान त्याहून चांगले आणि तोंडाबद्दल तर बोलायलाच नको. आठवडाभर मी कॉलेजात जाते तेव्हा तिच्याजवळ एक मावशी असतात. रविवारी त्यांनाही त्यांचं घर असतं.

पहिलं वर्ष हे रविवार दळण, शिवायला टाकलेले ब्लाउज आणि कुणाकुणाचे साखरपुडे यांतच गेले. मग पुण्याची मावसबहीण दोन दिवस राहायला आली आणि तिनं सगळे पाहुणे विचारतात ते विचारलं, "जळगावला बघण्यासारखं काय आहे गं?" मी सगळे जळगावकर देतात तेच उत्तर दिलं. केळी, सोनं आणि अजिंठा.

अजिंठ्याला मी किती वेळा गेले ते मोजणं केव्हाच सोडलंय. साठेक किलोमीटर, फर्दापूरला गाडी लावायची, तिथून लेण्यांची बस, मग पायऱ्या, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध, खाली येऊन लिंबूसरबत. सोमवारी लेणी बंद, तेवढा वार सोडून कधीही सांगा, डोळे मिटून फिरवून आणीन. लेण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आमच्याबद्दल आहे. अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही, संभाजीनगरच्या आहे. म्हणजे आमच्या गावचं प्रेक्षणीय स्थळ कोणतं, तर शेजारच्या जिल्ह्यातलं. बहीण गेल्यावर मायनं पलंगावरून विचारलं, "कोठे गयथी व?" मी म्हटलं, अजिंठ्याला. "परत?" एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

त्या रात्री मी नकाशा काढून बसले. सकाळी सहाला निघून रात्री आठला दारात, तेही एस.टी.नं किंवा रेल्वेनं. गाडी मला चालवता येत नाही आणि भाड्याची करण्याइतका पगार नाही. २०२३च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, त्यानं हिंमत वाढली. उगवतीला मुक्ताईनगर, मावळतीला साक्री, वर सातपुड्याचा पायथा, खाली चाळीसगावचा घाट, एवढा मुलूख चौदा तासांत बसत होता. म्हणजे जवळपास सगळा खानदेशच.

सुरुवात सोपी केली, पद्मालयापासून. एरंडोलपर्यंत महामार्ग, तिथून जंगलातून आत. कमळांचं तळं आणि काठावरच्या देवळात दोन गणपती शेजारी शेजारी, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. लहानपणी शाळेच्या सहलीत आले होते तेव्हा फक्त माकडं आठवणीत राहिली. या वेळी काठावर तासभर बसले, डबा खाल्ला, परत आले. आठऐवजी पाचलाच घरी.

माय उशीला टेकून बसली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो जन्मभर प्रत्येक बाजारातून, लग्नातून, गावाहून येणाऱ्याला विचारत आलीय तोच. "काय लयनी व?"

काहीच आणलं नव्हतं. "प्रसाद?" तोही नव्हता. मग निदान सांग तरी, म्हणाली. आणि सांगायला बसले तर लक्षात आलं की मलाही फार काही दिसलेलं नव्हतं. तळं किती खोल? माहीत नाही. कमळं पांढरी की गुलाबी? गुलाबी, बहुतेक. नारळ केवढ्याला? पुजाऱ्याच्या घरचे कुठे राहतात? पाणी गोड की मचूळ? माझी पी.एचडी. आहे, पण इतकी वाईट तोंडी परीक्षा मी आयुष्यात दिली नव्हती.

पुढच्या महिन्यापासून पिशवीत एक वही आली.

उनपदेवची सहल मात्र बिघडली, आणि तीही ऐन मे महिन्यात केल्यामुळे. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच केळी. अडावदला उतरून रिक्षानं आत गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडी कुंड, गोमुखातून ऊन पाण्याची धार. बाहेर उन्हाचा असा कडाका की ते गरम पाणी अंगाला कोमट लागलं. थंडीत जायची जागा मी मेमध्ये गाठली, हा माझा शहाणपणा. परतीची एस.टी. आलीच नाही. फाट्यावर पानटपरीच्या सावलीत दोन तास काढले. येईल, येईल म्हणणारे बरेच भेटले. घरी पोचले तेव्हा साडेनऊ. भाऊ पायरीवर बसला होता, बूट घालून. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. माय आतून ओरडली, "पानी लयनी का?" मी बाटलीत गोमुखाचं पाणी आणलं होतं. ते तिनं गुडघ्यांना चोळून घेतलं आणि म्हणाली, थंड आहे.

त्यानंतर मी नियम केला, परतीच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवायची नाही. शेवटच्या आधीची धरायची.

चाळीसगावचा रविवार मी आजही विसरत नाही. सकाळच्या गाडीनं निघालं की पाचोरा लागतं आणि पाचोऱ्याला खिडकीतून बघायची मला सवय आहे. पलीकडच्या फलाटाला पूर्वी पीजे उभी असायची, पाचोरा–जामनेरची अडीच फुटी रुळांची गाडी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाकलेली लाईन, छप्पन किलोमीटर. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ती जामनेरला जायची, बैलगाडीच्या पुढे आणि सायकलच्या मागे. माझे वडील पहूरचे. लग्न होऊन माय साक्री तालुक्यातून पहूरला आली आणि आखाजीला माहेरी जायची ती याच गाडीनं. पहूरहून पीजेनं पाचोरा, पाचोऱ्याहून मोठ्या गाडीनं चाळीसगाव, चाळीसगावहून १९०० सालच्या फाट्यावरच्या गाडीनं धुळं, धुळ्याहून एस.टी.नं साक्री, आणि तिथून पुढे मामा बैलगाडी घेऊन यायचा. तीन गाड्या, एक एस.टी., दोन बैल. मांडीवर मी, मडक्यात पाणी, फडक्यात भाकरी. पहाटे निघालेली बाई दिवे लागल्यावर पोचायची. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीत पीजे थांबली ती पुन्हा सुटलीच नाही, आता त्या मार्गावर रुंद रूळ टाकायचं काम काढलंय. रुंद रुळांबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. पण त्या गाडीतून उतरून लोक रुळाशेजारच्या बोरी झोडून परत चढायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चाळीसगावला स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. १९१२चा जन्म, पारशी, मुंबईतला. १९८९च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी गेले. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं या माणसानं घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. लोक प्रेमभंगाची गोष्ट सांगतात, रोज रात्रीच्या मेलची वाट बघायचे म्हणतात. मला त्या गोष्टीपेक्षा टेबलावरची छायाचित्रं जास्त खरी वाटली. मूस घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांचे डोंगर, रस्ते, बर्फ, वादळ करायचे आणि फोटो काढायचे. एका चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. लांबवर गेलेली वाट, उतार, वर भरून आलेलं आभाळ. आणि हे सगळं जेवायच्या टेबलाएवढ्या जागेत. दारापलीकडे आगगाड्या धडधडत जातायत आणि आत हा माणूस चमच्यानं डोंगर उभा करतोय.

तिथून दुपारी पाटणादेवी, अठराएक किलोमीटर. गौताळ्याचं जंगल, चंडिकेचं देऊळ, समोर सातमाळ्याची भिंत. देवीपेक्षा मला ओढ होती ती इथे सापडलेल्या शिलालेखाची. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. स्थानिक निकुंभ राजानं त्याला देणगी दिली, ती त्यात नोंदवलीय. वरचा भाग संस्कृत, पण देण्याघेण्याचा तपशील आला तसा लेखक मराठीवर उतरलाय. बाजारात विकायला येणाऱ्या मालातून मठाला काय काय द्यायचं, त्याची यादी. त्यात एक कलम असं की तेलाच्या दर घाण्यामागे पळी-पळी तेल. सिद्धान्तशिरोमणी शिकवणाऱ्या शाळेचा दिवा पळीभर तेलावर चालायचा, आणि ती पळी आजही माझ्या फोडणीच्या डब्याशेजारी लटकलेली आहे. वर्गात मी हा लेख वीस वर्षं शिकवलाय. 'प्राचीन मराठीचे नमुने', पाच गुणांची टीप. गावात उभं राहून, लांबून पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकत, ते पळीभर तेल पहिल्यांदा कळलं.

रात्री मायला दोन्ही सांगितलं. पळीचं तिला पटलं. म्हणाली, माझ्या वडिलांच्या वेळी देवळाच्या दिव्याला असंच तेल द्यायचे. मूस यांचं सगळं ऐकून घेतलं, पन्नास वर्षं, टेबल, डोंगर, रात्रीची मेल. थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग विचारलं, "मंग त्याना सयपाक कोण करे?"

याचं उत्तर वहीत नव्हतं.

अमळनेर, चांगदेव, असोदा हे रविवार पटापट झाले. अमळनेरला साने गुरुजींचं प्रताप हायस्कूल, १९१६चं तत्त्वज्ञान मंदिर, आणि विप्रोचा उगम म्हणजे १९४५ची वनस्पती तुपाची कंपनी. एका गावाच्या मानानं जरा जास्तच आहे हे, पण अमळनेरकरांना ते सांगायची हौस नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ मला फार आवडलं. हतनूर धरणाचं पाणी तिथवर मागे आलंय, नदी नसून तळंच वाटतं, थंडीत पाखरांनी भरलेलं. बहिणाबाईंचं असोदं तर घरापासून इतकं जवळ की दुपारी जेवायला परत आले. त्याला भाऊ सहल म्हणायला तयार नाही.

धुळ्याला दोनदा गेले. जळगावकर आणि धुळेकर यांचं फारसं जमत नाही. ते आम्हाला व्यापारी म्हणतात, आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. माय धुळे जिल्ह्यातली, त्यामुळे घरात हा वाद कायम पेटता. पण एक कबूल करायला हवं. धुळ्याचे रस्ते बघितले की कळतं, हे गाव कुणीतरी कागदावर आखलंय. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं पेठ आखली, आणि आजही पत्ता विचारला की आकडा ऐकू येतो, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. नाव शोधत बसायला नको.

पहिल्या खेपेला एका ठिकाणी जुने कागद बघायला म्हणून गेले तर कुलूप. रविवार. चूक माझीच, माझ्याकडे दुसरा वार नव्हता एवढंच. इतिहासाचार्य राजवाडे याच गावात १९२६च्या ३१ डिसेंबरला गेले. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून गोळा केलेली बाडं याच गावात आहेत. जन्मभर गावोगावच्या माळ्यांवरून, देव्हाऱ्यांमागून फाटके कागद जमवत फिरणाऱ्या माणसांचं हे गाव. आणि मी रविवारची मालकीण कुलपाकडे बघत उभी.

मग चालत तुरुंगाकडे गेले. आत जाता येत नाही, जायचंही नव्हतं. भिंत बघितली. १९३२ साली विनोबा इथे कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे, समोर कैदी बसलेले. साने गुरुजी त्यांतलेच एक, ते भराभर उतरवून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं झालं. भिंतीबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी बोटांवर मोजलं. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही चुकलेला नाही. कैद्यांनाही रविवार असतो, आणि त्यांचा त्यांनी असा केला. तोवर माझे चौदा झाले होते आणि त्यांतला एक फाट्यावर पानटपरीच्या सावलीत गेला होता.

दुसऱ्या खेपेला मायनं काम दिलं. तिच्या लग्नातला पितळी तांब्या, पोटाला पोचा आलेला. "सोनगीरले ले जाय," म्हणाली. सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर, आग्रा रोडवर. वर किल्ला, खाली तांबटांची वस्ती. एस.टी.तून उतरल्या उतरल्या आवाज ऐकू येतो, ठक्-ठक्-ठक्, एका लयीत, मग दुसऱ्या घरातून जरा वरच्या सुरात. एका ओट्यावर म्हातारे कारागीर बसले होते. तांब्या हातात घेतला, उलटा केला, बुडाशी नखानं टिचकी मारून कानाला लावला.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"कोणत्या सालचा?"

मी मायच्या लग्नाचं साल सांगितलं. मान डोलावली, जणू टिचकीनं तेच सांगितलं होतं. मग वाकड्या लोखंडी दांड्याचं टोक तांब्याच्या तोंडातून आत घातलं, पोचा त्यावर बसवला आणि बाहेरून लाकडी मोगरीनं ठोकायला लागले. जोरात नाही, दार वाजवावं तसं. दर दोन ठोक्यांनी तांब्या केसभर फिरवायचे. पोचा असा एकदम निघत नाही. कडेनं कडेनं आत येतो, लहान होत जातो, शेवटी बोटाच्या पेराएवढा राहतो आणि मग नाहीसा होतो. शेवटी लहान हातोडीनं वरून मठारलं, सगळीकडे बारीक बारीक खळ्या उठल्या, उन्हात चमकायला लागल्या. जुन्या जागी कुठे पोचा होता ते आता मलाही दाखवता आलं नसतं. दुपारभर मी ओट्यावरून हलले नाही. किल्ल्यावर जायचं राहूनच गेलं, लळिंगही राहिलं. फारुकी घराण्याचं ठाणं, हमरस्त्यालगतचा किल्ला, आंबेडकर १९३७ साली जिथे राहिले तो लांडोर बंगला. दर खेपेला मी खिडकीतून लळिंगला पुढच्या खेपेचा वायदा करते.

त्या रात्री पहिल्यांदा मला "काय लयनी" ऐकावं लागलं नाही. मायनं तांब्या दोन्ही हातांत घेतला, टिचकी मारली, कानाला लावला.

आणि मग ती म्हणाली, आता माझ्या गावी जा.

मायचं माहेर पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेकाठी. तिथे आता आमचं कुणी नाही. मामा गेले, त्यांची मुलं सुरतेला. पण तिला माणसांची चौकशी नकोच होती. ती म्हणाली, "पाटमा पानी शे का, ते देखी ये."

पांझरेच्या खोऱ्यात फडबागायत आहे. तीन-चारशे वर्षं जुनी म्हणतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू, असं. आपल्या तुकड्यात आपल्या मनाचं पीक घ्यायचं नाही. पण प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात थोडा थोडा. म्हणून पाणी कमी आलं तर सगळ्यांचंच कमी, भरपूर आलं तर सगळ्यांचंच. पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला, तो कुणाचं शेत आहे ते बघत नाही, वरून खाली क्रमानं पाणी देत जातो. ढोरं पिकात शिरू नयेत म्हणून जागल्या. त्यांची मजुरी धान्यात. दरवर्षी सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. या खानदेशातच तरुण विश्वेश्वरय्या १८८४ नंतर नव्या नोकरीत आले आणि पांझरेच्या खोऱ्यात पाइपांचा सायफन बांधून गेले. मायला विश्वेश्वरय्या माहीत नाहीत. तिला तिचे वडील रात्री कंदील घेऊन पाटाच्या कडेनं जायचे ते माहीत आहे. विहिरी आल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली, आणि पुष्कळ गावांत फडाची शिस्त सैल झाली. ते तिच्या कानावर होतं. पण ऐकणं वेगळं.

जानेवारीचा चौथा रविवार. पालधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. धुळ्यापर्यंत काचा बंद, थंडीनं पाय आखडलेले. धुळ्याहून नेर, मग साक्री, साक्रीहून पिंपळनेरची एस.टी. गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पावणेदोनची गाडी चुकवून चालणार नव्हतं. अडीच तास.

विचारत विचारत नदीवर गेले. बंधारा सापडला. काळे दगड, चुन्याचे सांधे, मध्ये कुठे कुठे सिमेंटची ठिगळं. वरून पातळ पाणी सांडत होतं आणि कडेनं पाटात वळत होतं. पाटात पाणी होतं. घोट्याएवढं, पण चालतं. मी चप्पल काढून पाय बुडवला, वहीत लिहिलं, थंडगार, गोड. फोटो काढले. पलीकडे गहू कंबरेला आलेला. पाटाच्या भरावावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि अहिराणीत विचारलं, "कोनी पोर शे तू?"

चोपन्न वर्षांच्या मला कुणी पोर म्हटलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. मी आजोबांचं नाव सांगितलं. ते थांबले. काठीनं पाटातला एक दगड उगाच हलवला, पाणी जरा जास्त वळलं. म्हणाले, तुझा आजा पाट झाडायला सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांना शिव्या द्यायचा. मग मला हरभऱ्याचे चार डहाळे उपटून दिले. म्हटलं, हे तुमच्या शेतातले का? "फडना शेत," म्हणाले, आणि गेले.

पावणेदोनची एस.टी. दोनला आली. सात चाळीसला मी दारात. भावाचे बूट अजून दाराशीच होते, त्यानं घड्याळाकडे बघून भुवया उंचावल्या.

माय जागी होती, उशीला टेकून. तांब्या उशाशी. मी डहाळे तिच्या मांडीवर ठेवले. एक घाटा सोलून तोंडात टाकला, दुसरा सोलला, आणि मग हात पुढे केला. फोन दे. मी फोटो मोठा करून धरला. तिनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बंधाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. सांध्याशी थांबलं. मी वाट बघत होते.

"हाऊ आमना बंधारा नही," ती म्हणाली. "हाऊ खालना शे."

मी म्हटलं, अगं पण ते बाबा म्हणाले, आजोबा पाट झाडायला...

"खालना पाट झाडाले बी जाये. आमना वर शे, आंबाजोडे."

भाऊ हसायला लागला, पिशवी उचलली, आणि दारातून म्हणाला, "ताई, फेब्रुवारीत दुसरा." मी कॅलेंडर काढून दुसऱ्या रविवारवर खूण केली. माय तिसरा घाटा सोलत होती. माझ्याकडे न बघताच तिनं सांगितलं,

"गावना आल्याड उतरजो. पाट धरीसन वर जाजो."